तेरणा गप्प आहे

तीन वाजून दहा मिनिटांनी तेरणा गप्प झाली.

नदी नव्हे. नदी फेब्रुवारीतच गप्प झाली.
ही तेरणा म्हणजे पाचांतलं एक मशीन,
उदगीरच्या जुन्या जकात नाक्यावरच्या खोलीत,
जिथे दोन एसी आहेत आणि एक चालतो.
नावं मी ठेवली. साहेब म्हणाले होते, नोड एक, नोड दोन लिहा की.
म्हटलं, सर, रात्री तीनला आकड्यांचे चेहरे दिसत नाहीत.

मांजरा कामं वाटते.
तिरू, लेंडी, मन्याड, तेरणा राबतात:
कुठल्या वॉर्डाला कधी पाणी त्याचे निरोप,
टँकरच्या खेपा, घरपट्टीच्या पावत्या.
दर दहा सेकंदांनी प्रत्येकीनं एवढंच म्हणायचं,
आहे.
आहे.
तीनदा म्हटलं नाही की मांजरा तिला मेली धरते
आणि तिच्या ताटातलं दुसरीच्या ताटात वाढते.
तीन हा आकडा मीच टाकलाय.
एक टाकला असता तर जिवंतांना पुरलं असतं,
तीस टाकला असता तर मेलेलीपायी लोक ताटकळले असते.

तिरूनं काम उचललं. सोळा नंबरला,
म्हणजे ह्या खिडकीखालच्याच वॉर्डाला, निरोप गेले:
सकाळी साडेपाचला पाणी.
आणि तीन चौदाला तेरणा म्हणाली, आहे.

मेली नव्हती. वायरीचा खटका सैल होता.
हजेरी तेवढी पोचत नव्हती, आत ती
मान खाली घालून निरोप पाठवतच होती.
चारशे अकरा घरांना दोनदा.
चार वाजता एका बाईचा फोन,
"म्याडम, दोन बार सुटनार हाय का पानी?"
नाही हो मावशी, एकदाच.
"मग दोनदा कामून सांगलालाव?"
ह्याला उत्तर आहे, पण फोनवर सांगण्यासारखं नाही.

गफूरमामू वालमन. एकतीस वर्षं.
लोखंडी चावी जमिनीत उतरवतो, दांड्याला कान लावतो,
डोळे मिटतो. रस्त्यावरची कुत्रीसुद्धा तेवढा वेळ थांबतात.
"पानी बोलतंय का हवा बोलतीय, ते कळलं पायजे.
गप हाय म्हनून सुकलंच असं नस्तं, बेटा."
त्याच्याकडे सव्वीस वाल होते.
आता विजेवरचे आले. महिन्याला दोन-तीन
त्याच्या वहीतून निघतात, माझ्या यादीत येतात.
काम क्रमांक दोनशे बारा, देगलूर रोड.
दोनशे तेरा, शाळेमागचा.
यादी मी भरते. त्या दिवशीचा चहा तो पाजतो.

पावणेपाचला तेरणाला निचऱ्यावर टाकलं.
म्हणजे, नवं काम देऊ नका,
हातातलं आहे ते संपवू द्या,
मग बंद करून वायर बदलू.
एका ओळीचा हुकूम. रोज कुणाला ना कुणाला देते.
आज एंटर दाबायच्या आधी
कीबोर्डवरचे बिस्किटाचे कण झाडत बसले.

मामूकडे आता एकच वाल उरलाय, सोळा नंबरचा.
उघडला की मला एक मिस्ड कॉल, बंद केला की दोन.
ही रीत त्याची. कुठल्या फॉर्मवर नाही.

साडेपाच.
पाच पस्तीस.
पडद्यावर चौघी हिरव्या, तेरणा पिवळी.
मोबाइल पालथा ठेवला, पुन्हा उताणा केला.
पाच एक्केचाळीस.
मी तीन मोजत नाही.

खाली गल्लीत कुणीतरी मोटार चालू केली.